वंदना, तुझ्या कॉम्प्युटरमध्ये नवी डिस्क बसवली

वंदना,

तुझ्या नावाचं पार्सल आलं तेव्हा हॉलमध्ये सतरंजीवर माणसं बसलेली होती. तेरवी व्हायची होती. पार्सलवाल्यानं दाराबाहेरचा चपलांचा ढीग पाहिला, त्याला काय ते समजलं असणार, पण त्यालाही त्याचं काम उरकायचं होतं. "वंदना मॅडमच्या मोबाईलवर नंबर आला असन, तेवढा सांगा," तो हळू आवाजात म्हणाला. तुझा मोबाईल कपाटात होता, बंद. मृणालनं तो काढून चार्जिंगला लावला आणि आम्ही बापलेक तो सुरू व्हायची वाट पाहत उभे राहिलो. सुरू झाला तसे अडकून पडलेले मेसेज एकामागून एक वाजत राहिले. सगळे हॉलमधून आमच्याकडे पाहत होते. मृणालनं नंबर वाचून दाखवला, त्यानं पार्सल दिलं आणि पायऱ्या उतरताना एकदा मागं वळून हात जोडले.

आत ती डिस्क होती. दवाखान्यात जायच्या आधी तू मागवलेली. हातात घेतली तर वजनच नाही. मी आयुष्यभर कन्हानकडच्या खाणीच्या वर्कशॉपात पंप खोलले आणि बसवले. तिथला एकेक व्हॉल्व्ह उचलायला दोन माणसं लागायची. ही तर विड्याच्या पानाएवढी.

ऑर्डर करताना तू मला दाखवली होतीस. मी विचारलं, "याच्यात फिरते काय?"

"काहीच फिरत नाही. म्हणून तर फास्ट चालते."

"फिरत नाही तर चालते कशी?"

"तुम्ही नका डोकं लावू. मी बसवीन न. पुस्तिका एकदा प्रेसमध्ये गेली का मंग करतो."

पुस्तिका म्हणजे आपल्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याची. दरवर्षी तूच करायचीस. मृणाल कॉलेजात गेली आणि तू कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागलीस, तेव्हा उमरेडहून तुझे भाऊ आले होते आणि हसले होते. घरातला हातमाग विकून झाल्यावर त्यांनी दुकानं काढली, आणि बहीण या वयात टायपिंग शिकून राहिली. वर्षभरात त्यांच्याच पोराची लग्नपत्रिका तू केलीस, आणि त्यांनी दिलेल्या मजकुरातल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून पाठवलीस. त्यानंतर बेसा भागातल्या किती लग्नांच्या, बारशांच्या, वास्तूंच्या पत्रिका तुझ्या हातून गेल्या, मी मोजल्या नाहीत. तो कॉम्प्युटर मात्र म्हातारा झाला होता. बटण दाबून तू भाजी निवडायला बसायचीस, भाजी निवडून व्हायची तरी तो उघडत नसे.

दवाखान्यातलं मी फार लिहीत नाही. तुला माहीत आहे आणि जे तुला माहीत नाही ते मलाही नीट कळलं नाही. छातीत जळजळ होते म्हणालीस, ॲसिडिटी असेल म्हणालीस, रिक्षासुद्धा तूच बोलावलीस. तुला आत घेताना नर्सनं तुझ्या बांगड्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिल्या, चपला दिल्या. मी एका हातात पिशवी आणि एका हातात तुझ्या चपला घेऊन काचेपाशी उभा. तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, काही सांगणार. तू म्हणालीस, "पुस्तिकेची फाईल पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा."

"हो, घेतो. तू आराम कर," मी म्हणालो.

कशी घेतात ते मला येत नव्हतं. हे तुलाही ठाऊक होतं. तरी तू मान हलवलीस, जणू काम झालंच. आपलं शेवटचं बोलणं ते. यावर मी पुष्कळ विचार केला आहे. तुला दुसरं काही बोलायचं होतं आणि ते जमलं नाही म्हणून तू फाईलचं बोललीस, की तुला खरंच फाईलचीच काळजी होती? तुझा स्वभाव पाहता फाईलचीच काळजी असावी. पण रात्रंदिवस मनात तोच प्रश्न येतो, आणि विचारायचं कोणाला?

तेरवीनंतर रामकृष्णजी आले. समाजाचे सचिव म्हणून त्यांना यावंच लागलं असतं, पण ते खरे घरचे म्हणून आले. बराच वेळ बसले, चहा घेतला, आणि उठताना चाचरत म्हणाले, "भाऊ, विचारू नये, पण पुस्तिकेचं... वहिनीनं बरंच टाईप करून ठेवलं होतं म्हणे."

"आहे ना, कॉम्प्युटरमध्ये आहे. काढून देतो," मी म्हणालो. ते गेल्यावर मी बटण दाबलं. आतून टकटक आवाज आला, नळाला हवा धरल्यावर येतो तसा. पडद्यावर काळ्या रंगात एक पांढरी ओळ आली आणि तिथंच थांबली. पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. तीच ओळ. मी तिथं तुझ्या खुर्चीवर बसलो. बेअरिंग गेलं तर आवाजावरून सांगीन, वंदना. शाफ्ट वाकला तर हात लावून सांगीन. हा टकटक काय म्हणतो ते मला सांगता येईना.

कॉम्प्युटर आणि नवी डिस्क उचलून दुकानात नेली. दुकानदारानं ऐकलं आणि म्हणाला, "डिस्क गयी समझो. नवीन तुमच्याकडं आहेच, विंडो मारून देतो. जुन्या डाटाची गॅरंटी मी देत नाही."

"डाटाच पाहिजे," मी म्हणालो.

"काका, त्याच्यात फोटो वगैरे काही इम्पॉर्टंट आहे का?"

काय सांगू? लोकांच्या पोरापोरींची लग्नं आहेत, असं सांगितलं तर तो हसला असता. मी कॉम्प्युटर रिक्षात घातला आणि घरी आणला.

मृणाल तोवर हैदराबादला परत गेली होती. फोनवर म्हणाली, "बाबा, नवीन लॅपटॉप घेऊन पाठवते. ते जुनं खटारं सोडा."

"तुह्या आईनं डिस्क मागवली आहे न."

मग म्हणाली, "ठीक आहे. आपण बसवू. मी सांगते तसं करा." तिनं एका पेनड्राइव्हमध्ये काय लागतं ते सगळं भरून कुरिअरनं पाठवला. रविवारी दुपारी मी मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला, मृणाल त्यात, आणि मी खाली फरशीवर कॅबिनेट उघडून बसलो.

स्क्रू काढणं, वायर काढणं यात मला काही वाटलं नाही. तेवढं तरी माझं काम होतं. मृणाल म्हणाली, आधी जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा, नाहीतर चुकून तीच पुसली जाईल. मी दोन्ही वायरी काढल्या, डिस्क काढली आणि तुझ्या जुन्या टर्किश टॉवेलमध्ये गुंडाळून देवघराच्या खालच्या खणात ठेवली. मृणालला ते दिसलं. नवीन डिस्क त्याच वायरींना जोडली. कॅबिनेटच्या तळाशी धूळ होती आणि तुझा एक लांब केस होता. तोही काढला.

पुढचं सगळं माझ्या हाताबाहेरचं. "चालू झाल्याबरोबर वरच्या ओळीतलं ते बटण दाबत राहा, बाबा. दाबत राहा." मी दाबत राहिलो आणि काहीच झालं नाही. पुन्हा. तिसऱ्या की चौथ्या वेळी निळा पडदा आला आणि मृणाल तिकडून "आला, आला" म्हणाली. भाषा कोणती, घड्याळ कुठलं, असं तो विचारत गेला. ती सांगायची, मी दाबायचो. मग त्यानं नवीन डिस्क दाखवली आणि तिच्यावर काहीही नाही असं लिहून दाखवलं. "पुढे जा," मृणाल म्हणाली. माझं बोट माऊसवर तसंच राहिलं. देवघराच्या खणात जुनी डिस्क सुरक्षित आहे हे माहीत असूनही.

"बाबा, काही नाही होत. दाबा."

"हो."

"बाबा."

"दाबतो वं."

टक्के चढत गेले. कॉम्प्युटर आपोआप बंद झाला, चालू झाला, आणि पुन्हा भाषा कोणती, घड्याळ कुठलं. मी सगळं पुन्हा केलं. पुन्हा बंद, पुन्हा तेच. मृणाल चहा ठेवायला उठली होती, येईपर्यंत मी तसाच बसून त्या पहिल्या प्रश्नाकडे पाहत होतो. तिनं येऊन पाहिलं आणि म्हणाली, "पेनड्राइव्ह काढला नाही का?" नव्हता काढला. म्हणून तो पुन:पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होता. तू असतीस तर दारातूनच ओरडली असतीस.

शेवटी त्यानं विचारलं, हा कॉम्प्युटर कोण वापरणार? मी तुझं नाव टाईप करायला घेतलं. मृणाल हळूच म्हणाली, "बाबा, तुमचं टाका." मी माझं टाकलं. थोड्या वेळानं पडद्यावर माझं नाव घेऊन तो नमस्कार म्हणाला. कोणाच्या तरी घरात शिरून त्यांच्या पलंगावर बसल्यासारखं मला झालं.

दुसऱ्या दिवशी जादा वायर आणून जुनी डिस्क जोडली. टकटक झाली, थांबली, पुन्हा झाली, आणि मग दिसली. तुझ्या नावाचा फोल्डर त्यात होता. त्यावर दाबलं तर एक पाटी आली. मृणालला फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, "ते म्हणतंय, या फोल्डरमध्ये जायची तुम्हाला परवानगी नाही."

मी पाटी पाहत राहिलो. इतकी वर्षं एका घरात राहिलो आपण. तुझी पर्स मी कधी उघडली नाही, तुझ्या कपाटाचा वरचा कप्पा कधी पाहिला नाही, आणि आता एक यंत्र मला योग्य तेच सांगत होतं. मृणाल म्हणाली, "खाली कंटिन्यू आहे. ते दाबलं की कायमची परवानगी मिळते." तुला न विचारता मी ते दाबलं. आपल्या सहजीवनात तुझ्या परवानगीशिवाय केलेलं हे पहिलं मोठं काम असेल. थांबत, अडखळत फाईल नव्या डिस्कवर आली. मी फाईल उघडली.

आणि पुस्तिका नव्हतीच. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, उलटी प्रश्नचिन्हं. पानामागून पान तेच. रकाने होते, चौकटी होत्या, पोरापोरींचे फोटो आपापल्या जागी होते आणि प्रत्येकाच्या शेजारी तो कचरा.

मृणाल कामात होती. मी फोन केला नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. दवाखान्यात काचेबाहेर होतो तसाच. तिथंही पडद्यावर रेषा वरखाली होत होत्या आणि त्यांचा अर्थ दुसऱ्या कोणाला कळत होता, मला नाही. डॉक्टर बाहेर येऊन बोलले तेव्हा मी "बरं" म्हणालो. "बरं" म्हणायची ती जागा होती का? पण दुसरा शब्द तोंडात आला नाही. आता कॉम्प्युटरसमोरही मी तेच म्हणालो. रिकाम्या घरात, मोठ्यानं.

दोन दिवसांनी मृणालच्या ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं म्हणे, की आईचा जुना मराठी फॉन्ट नव्या विंडोमध्ये नाही, म्हणून अक्षरं तशी दिसतात. जुन्या डिस्कवर फॉन्टचा फोल्डर असेल, त्यातून उचलून इकडे टाका. एवढंच. मी उचलला, टाकला, फाईल बंद करून उघडली. तुझं मराठी समोर आलं. 'नाव', 'जन्मवेळ', 'रास', 'शिक्षण'. काना-मात्रा सगळं जागच्या जागी. वंदना, मी तुझे फोटो पाहून रडलो नव्हतो. माणसं होती, सामान आणायचं होतं, रडायचं राहूनच गेलं होतं. ते 'जन्मवेळ' वाचल्यावर झालं.

बरंचसं तू केलं होतंस. थोडे कागद उरले होते, तुझ्या ड्रॉवरमध्ये खाकी पाकिटात. रामकृष्णजी म्हणाले, प्रेसवाला करून देईल. मी म्हणालो, मी करतो. एका बोटानं करतो, पण करतो. सकाळी आंघोळ करून बसायचो, जेवायला उठायचो, पुन्हा बसायचो. तुझ्या मानेला आणि पाठीला काय होत असेल, ते आता कळलं. तू संध्याकाळी भिंतीला पाठ लावून उभी राहायचीस आणि मला वाटायचं, गंमत करते.

एका कागदावर मुलाच्या आईनं अपेक्षेत लिहिलं होतं : गोरी, उंच, शांत स्वभावाची. आपलं भांडण आठवलं. 'गोरी' हा शब्द तू पुस्तिकेत कधी येऊ दिला नाहीस. मी म्हणायचो, "लोकायनं लिहून देल्लं ते तसंच टाकावं. तू काहून मध्ये येतं? तू टायपिंगवाली."

तू म्हणायचीस, "माह्या हातानं नाही उमटत तो शब्द. मी काही गोरी नव्हती, तुम्ही आणलंच न करून?"

"म्हणून म्हणतो. लोकं पाहतेत, मनावर नाही घेत."

"ज्या पोरीनं वाचलं तिनं मनावर घेतलं त?"

हे भांडण दर मेळाव्याच्या आधी व्हायचं आणि कुकरची शिटी झाली की थांबायचं. मी तो शब्द टाईप केला. खोडला. पुन्हा केला. माझं मत बदललेलं नाही. लोकांचा मजकूर लोकांचा असतो. शेवटी रामकृष्णजींना फोन लावला. ते हसले. "वहिनी त दरवर्षी काढूनच टाकत होत्या. आम्हाले माहीत होतं. कोणी विचारलंच नाही, मंग आम्ही काहून बोलाव?" म्हणजे सगळ्या समाजाला ठाऊक होतं आणि तुला वाटायचं, तू गुपचूप करतेस. मी तो शब्द काढला. पटलं म्हणून नाही. समोर तू नसताना जिंकून काय करू?

पुस्तिका गांधीबागेच्या मागच्या गल्लीतल्या प्रेसमध्ये छापून झाली. शेवटच्या पानावर 'अक्षरजुळणी' पुढं तुझं नाव आहे. फक्त नाव. त्याच्याआधी 'कै.' लावायचं का, असं प्रेसवाल्यानं विचारलं, मी नको म्हणालो.

मेळावा परवा झाला. मी गठ्ठे घेऊन गेलो आणि दाराजवळच्या टेबलावर बसलो. मंडपात पंखे, पोहे, नव्या साड्या, लाजणारी पोरं, सगळं दरवर्षीसारखं. दुपारी एक बाई माझ्यापाशी आल्या, कन्हानच्या. मुलगी सोबत होती, आईचा पदर ओढत "जाऊ दे ना" म्हणत होती. बाईंनी पुस्तिका माझ्यासमोर उघडली.

"भाऊ, हे पुस्तक तुमच्याच घरी बनते न?"

"हो."

"माह्या पोरीचा नंबर चुकला. शेवटचे दोन आकडे उलटे पडले. आता लोकं फोन लावतीन त तो दुसऱ्याच्या घरी जाईन." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. "मॅडमले सांगा न. मागच्या वर्षी मी फोन केला होता, लय चांगल्या बोलल्या. म्हणे, ताई, चिंता नका करू, चांगलं स्थळ मिळन."

इतके दिवस मी सगळ्यांना सांगत आलो होतो. दूधवाल्याला, बँकेत, गॅस एजन्सीत, फोनवर अनोळखी माणसांना. एक ठरलेलं वाक्य तयार झालं होतं, ते न अडखळता बाहेर यायचं. त्या बाईंसमोर ते आलं नाही. तुझं बोललेलं त्यांनी वर्षभर सांभाळून ठेवलं होतं आणि मुलगी बाजूला उभी होती.

"सांगतो," मी म्हणालो.

"नक्की सांगा बरं."

मग मी पेन घेऊन मंडपात फिरलो. ज्यांच्या हातात पुस्तिका दिसली त्यांना थांबवलं, पान काढलं, दोन आकडे खोडून वर दुरुस्त करून दिले. काहींनी वैतागून पाहिलं. अर्धी माणसं तोवर पुस्तिका घेऊन घरी गेली होती, त्यांचं मी काय करणार?

तो आकडा तुझ्या हातून चुकला, की माझ्या, की त्यांनीच कागदावर उलटा लिहिला होता, मला माहीत नाही. कागद खाकी पाकिटात आहे, पाकीट ड्रॉवरमध्ये आहे. काढून पाहिलं तर कळेल. मी पाहिलेलं नाही. तुझी चूक निघाली तर त्या दिवसांत तुला काय होत होतं, असं मी विचारत बसेन. माझी निघाली तर तुझ्या कामाला मी डाग लावला. म्हणून ड्रॉवर बंद आहे.

पण बाईंना 'सांगतो' म्हणालो होतो, म्हणून सांगतो. कन्हानची मुलगी, बी.कॉम. झालेली, डाव्या हाताच्या पानावर खालून दुसरी. तिच्या नंबरात शेवटी एकोणचाळीस पडलं आहे. त्र्याण्णव पाहिजे.